भाजलेले की उकडलेले: कॉम्बिनेशन मायक्रोवेव्हमधील पाण्याचा हिशेब

ताई, आपण अंबाजोगाईहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी २८ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घेऊन तीन महिने झाले, अन्न गरम करण्याचे काम तो उत्तम करतो, परंतु कॉम्बिनेशनवर, म्हणजे लहरी आणि गरम हवा एकत्र लावून, केलेली कोंबडी बाहेरून फिकट आणि हाडाशी कच्ची राहते, केक गार झाला की विटेसारखा घट्ट होतो, भरली वांगी देठाशी कचकचीत लागतात, शेंगदाणे मधूनच जळतात आणि सासूबाई प्रत्येक वेळी म्हणतात, "हे भाजलेलं नाही, उकडलेलं आहे." शेवटी आपण हेही विचारले आहे की या यंत्रात भाकरीचे काही करता येते का.

सासूबाईंचे निदान अचूक आहे आणि माझे सगळे उत्तर त्या एका वाक्याभोवती फिरणार आहे. मी लातूरला वीस वर्षांपासून स्वयंपाकाचे वर्ग घेते आणि त्यांतील बराच काळ याच यंत्रावर शिकवण्यात गेला आहे. माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच निघाले: पदार्थातले पाणी कोठे आहे आणि शिजताना ते कोठे जाणार आहे, याचा विचार करण्याआधीच बटण दाबलेले असते. तापमान आणि मिनिटांचे तक्ते यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत असतातच, पण पाण्याची वाट एकदा समजली की तक्त्याबाहेरचा पदार्थही आपला आपल्याला बसवता येतो.

मायक्रोवेव्ह लहरी मुख्यतः पदार्थातील पाण्याला हलवतात आणि त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. घरगुती यंत्रात या लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ असते. पदार्थ आतून बाहेर शिजत जातो ही समजूत घरोघरी आहे, परंतु ती बरोबर नाही. लहरी बाहेरूनच आत शिरतात, वाटेत क्षीण होत जातात आणि साधारण दोन-तीन सेंटिमीटरच्या पलीकडे त्यांचा फारसा जोर उरत नाही. त्याहून जाड पदार्थाचा गाभा शेजारच्या तापलेल्या भागाकडून सावकाश झिरपणाऱ्या उष्णतेवरच शिजतो. नुसत्या मायक्रोवर चालवताना यंत्रातली हवा तापत नाही. त्यामुळे पदार्थातून निघालेली वाफ पृष्ठभागाशी येऊन रेंगाळते, पृष्ठभाग ओला राहतो आणि ओला पृष्ठभाग १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकत नाही. भाजल्याचा तपकिरी रंग आणि खमंग वास मात्र पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण १४० अंशांच्या पुढे गेल्यावरच धरतो. पदार्थ उकडल्यासारखा लागतो तो या कारणाने.

कन्व्हेक्शनमध्ये हीटर आणि पंखा मिळून गरम, कोरडी हवा फिरवतात. ती हवा पृष्ठभागावरचे पाणी उडवते आणि रंग आणते, पण गाभ्यापर्यंत पोहोचायला वेळ घेते. कॉम्बिनेशन म्हणजे या दोन्ही कामांची सांगड. लहरी आतले पाणी बाहेर ढकलतात आणि गरम हवेने ते तेथल्या तेथे उडवून न्यायचे असते. लहरींनी ढकललेले पाणी उडवण्याइतकी हवा गरम नसेल, तर ते पाणी साचते आणि कॉम्बिनेशनचे बटण दाबूनही पदार्थ उकडतोच. आपल्या कोंबडीचे नेमके हेच झाले असावे.

म्हणून भाजण्याच्या पदार्थांसाठी कॉम्बिनेशनमधली मायक्रोची शक्ती मी १८० ते ३६० वॅटच्या वर जाऊ देत नाही. वेळ वाचावा म्हणून पुष्कळ जण येथे सर्वांत मोठा आकडा निवडतात आणि सगळे तेथेच बिघडते. काही यंत्रांत तापमान आणि वॅट दोन्ही आपल्याला निवडता येतात, काहींत कॉम्बी १, कॉम्बी २ असे ठरलेले संच असतात. ज्या संचात लहरींचा वाटा सर्वांत कमी असेल तो भाजण्यासाठी वापरावा. दुसरी गोष्ट अशी की बहुतेक यंत्रांत कॉम्बिनेशनला प्रीहीट, म्हणजे रिकामे यंत्र आधी तापवण्याची सोय, नसते. पदार्थ गार यंत्रात ठेवून कॉम्बिनेशन सुरू केले, तर पहिली आठ-दहा मिनिटे हवा तापण्यातच जातात आणि तेवढ्या वेळात लहरींनी पदार्थाला पाणी सोडायला लावलेले असते. आधी कन्व्हेक्शनवर २०० अंशांना प्रीहीट करावे, यंत्राने शिट्टी दिली तरी आणखी पाच मिनिटे थांबावे, आणि मग पदार्थ झटकन आत ठेवून कॉम्बिनेशन निवडावे. शिट्टी फक्त हवा तापल्याची असते, यंत्राच्या भिंती तोपर्यंत तापलेल्या नसतात. दार उघडताच हवा बाहेर पडते आणि पुढचा भार भिंतींतल्या उष्णतेवरच निघतो. ही पाच मिनिटे वाया गेली असे कृपया समजू नये.

आता आपल्या यंत्राची खरी ताकद मोजण्याविषयी लिहिते, कारण मराठवाड्यात हा विषय टाळून पुढे जाता येत नाही. यंत्रावर ९०० वॅट लिहिलेले असले तरी विजेचा दाब उतरला की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राची ताकदही उतरते. इन्व्हर्टर पद्धतीची, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेली, यंत्रे हा चढउतार बऱ्यापैकी सांभाळतात. मोजण्याची रीत सोपी आहे. काचेच्या भांड्यात बरोबर १ लिटर पाणी घ्यावे. उन्हाळ्यात टाकीचे पाणी आधीच तापलेले असते, म्हणून माठातले घ्यावे. थर्मामीटरने त्याचे तापमान पाहून थर्मामीटर बाहेर काढावा, पूर्ण शक्तीवर नेमकी २ मिनिटे चालवावे, पाणी ढवळावे आणि पुन्हा तापमान पाहावे. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणले की अंदाजे वॅट मिळतात. माझ्या घरी दुपारी २४ अंशांची वाढ मिळाली, म्हणजे ८४० वॅट. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसात वाजता, शेजारीपाजारी सगळे दिवे, पंखे आणि मोटारी चालू असताना, वाढ फक्त १७ अंशांची होती, म्हणजे ६०० वॅटच्याही आत. दुपारी ६ मिनिटांत होणारी भाजी संध्याकाळी साडेआठ मिनिटे का घेते, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. आपली कोंबडी बहुधा रात्रीच्या जेवणासाठी असते, तेव्हा हा प्रयोग आपण दुपारी आणि संध्याकाळी असा दोन्ही वेळा जरूर करावा आणि ते दोन आकडे यंत्राच्या बाजूला चिकटवून ठेवावेत.

दुसरा प्रयोग पापडाचा आहे. फिरत्या काचेच्या थाळीवर उडदाचे कच्चे पापड, थोडे मोडून का होईना, मध्यापासून कडेपर्यंत एकाच थरात पसरावेत आणि पूर्ण शक्तीवर ३० ते ४० सेकंद चालवून थांबवावे. कोठले पापड फुलले आणि कोठले अजून कच्चे आहेत, यावरून लहरी कोठे जास्त पडतात याचा नकाशाच समोर येतो. बहुतेक यंत्रांत मधला भाग मागे राहतो आणि त्याच्या बाहेरचे एक कडे आधी फुलते. तेव्हा तुकडे थाळीवर गोलाकार मांडावेत, मध्य मोकळा ठेवावा आणि प्रत्येक तुकड्याचा जाड भाग बाहेरच्या बाजूला ठेवावा. ही मांडणी कोंबडीच्या तंगड्यांना जशी लागू आहे, तशीच वांगी आणि बटाट्यांनाही लागू आहे.

कोंबडीकडे वळू. चार तंगड्या, म्हणजे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम, असे धरून सांगते. दही लावायचे असेल तर ते फडक्यात दोन तास टांगून त्याचा चक्का करून घ्यावा, कारण पातळ दह्यातले सगळे पाणी आपल्याला नंतर हवेच्या जिवावर उडवावे लागते. मीठ, हळद, आले-लसूण आणि लिंबू आदल्या रात्री लावून ठेवले तर फार चांगले. सकाळी जे पाणी सुटलेले असेल ते ओतून टाकावे, तंगड्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्याव्यात आणि मगच चक्का व तेल लावावे. आपल्याकडचे काळे तिखट मात्र सुरुवातीला लावू नये. ते आधीच भाजलेल्या मसाल्यांचे असते, २०० अंशांच्या हवेत अर्धा तास राहिले की कडू होते. तेलात कालवून शेवटच्या सात-आठ मिनिटांसाठी वरून लावावे, म्हणजे रंगही येतो आणि वासही टिकतो.

यंत्र २०० अंशांना तापल्यावर तंगड्या रॅकवर, जाड बाजू बाहेर करून ठेवाव्यात आणि खाली रस झेलायला काचेचे पसरट भांडे ठेवावे. कॉम्बिनेशन २०० अंश आणि ३०० वॅट, वेळ १० मिनिटे. त्यानंतर दार उघडून खालच्या भांड्यात जमलेले पाणी काढून घ्यावे. ही पायरी कोणत्याही तक्त्यात मला दिसलेली नाही, परंतु माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक हिनेच पडतो. ते पाणी आतच राहिले तर लहरी तेच तापवत बसतात, त्याची वाफ वर जाते आणि भाजायला ठेवलेली कोंबडी खालून वाफवली जाते. पाणी टाकून देऊ नये, त्याचा रस्सा उत्तम होतो. तंगड्या उलटवून आणखी ८ ते १२ मिनिटे त्याच आकड्यांवर ठेवाव्यात, मग काळे तिखट लावून नुसत्या कन्व्हेक्शनवर २०० अंशांना सात-आठ मिनिटे. अखंड कोंबडी १ किलोची असेल तर १८० अंश आणि ३०० वॅट यांवर ३५ ते ४० मिनिटे धरावीत आणि मध्ये एकदा उलटवावी. शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नये. मांसाच्या थर्मामीटरचे टोक मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावे आणि ७४ अंश दिसले की झाले असे समजावे. हा थर्मामीटर यंत्र बंद करून, दार उघडूनच वापरायचा आहे. फ्रीजमधून काढलेली कोंबडी थेट आत गेली तर हाडाजवळ कच्ची राहण्याची शक्यता वाढते. फ्रीझरमधली असेल तर आणखीच सांभाळावे, कारण बर्फ लहरी फारशा शोषत नाही आणि वितळलेले पाणी मात्र भराभर शोषते. त्यामुळे कडा शिजू लागतात तेव्हा गाभ्यात बर्फ तसाच असतो. ती आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवणेच योग्य.

भरली वांगी हा या यंत्राचा खरा हातखंडा पदार्थ आहे, असे माझे मत आहे; कोंबडीपेक्षाही. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, त्यात पाणी भरपूर असते आणि लहरींनी तो फार लवकर मऊ होतो, तर देठाकडचा भाग घट्ट असतो. आपण वांगी देठ मध्याकडे करून मांडली असणार, म्हणून सर्वांत घट्ट भाग सर्वांत कमी लहरींच्या जागी गेला. देठ बाहेर, टोके मध्याकडे, अशी फुलासारखी मांडणी करावी. अर्धा किलो लहान वांगी, आत शेंगदाण्याचे कूट, तीळ, सुके खोबरे, काळे तिखट, चिंच-गूळ आणि मीठ असे नेहमीचे सारण. बाहेरून फक्त तेल चोळावे, मीठ बाहेरून भुरभुरवू नये. मिठाचे कण जेथे बसतात तेथे लहरी जास्त शोषल्या जातात आणि साल चामड्यासारखी होते. झाकण ठेवून पूर्ण शक्तीवर ६ मिनिटे, मग तसेच झाकून ३ मिनिटे बाहेर ठेवावे. या थांबलेल्या वेळात बाहेरची उष्णता गाभ्यात उतरते, म्हणून तो वेळही शिजवण्याच्या वेळेतच मोजायचा असतो. त्यानंतर झाकण काढून, वांग्यांवर चमचाभर तेल सोडून, कॉम्बिनेशन १८० अंश आणि ३०० वॅटवर ८ ते १० मिनिटे. पहिल्या टप्प्यात पाणी झाकून ठेवले आणि दुसऱ्या टप्प्यात ते जाऊ दिले, असा हा हिशेब आहे. ज्या भाज्या आतून मऊ आणि बाहेरून खमंग हव्यात त्या सगळ्यांना हाच क्रम चालतो. बटाट्याला मी पुष्कळदा असेच करते.

भरिताच्या वांग्याबद्दल आपण विचारलेले नाही, पण सासूबाई कधी तरी विचारतील म्हणून लिहून ठेवते. वांग्याला काट्याने दहा-बारा ठिकाणी टोचून तेल लावावे, नाही तर आतल्या वाफेने ते फुटते. यंत्रात ते मऊ होईल, परंतु चुलीवरच्या किंवा गॅसच्या जाळावरच्या भरिताचा धुरकट वास त्याला येणार नाही, कारण साल जळल्यावाचून तो वास येतच नाही. मी यंत्रात ५ मिनिटे शिजवून घेते आणि मग गॅसवर दोन मिनिटे साल जाळते. शेतावर तुराट्यांच्या जाळात भाजलेल्या वांग्याची बरोबरी याने होत नाही, तरी अपार्टमेंटमधल्या स्वयंपाकघरासाठी हा मार्ग मला पटला आहे.

केकच्या बाबतीत माझे उत्तर छोटे आणि ठाम आहे: कॉम्बिनेशन वापरू नये. केकला आधी फुगायला आणि मग घट्ट बसायला वेळ लागतो. लहरी पाणी इतक्या घाईने उडवतात की फुगवटा स्थिरावण्याआधीच वाफ निसटते, वरचा भाग पांढराच राहतो आणि गार झाल्यावर केक आकसून घट्ट होतो. नुसते कन्व्हेक्शन, खालचा रॅक, सात इंची ॲल्युमिनियमचा डबा, १६० ते १७० अंश आणि ३५ ते ४० मिनिटे. एखाद्या कृतीत साध्या ओव्हनसाठी १८० अंश लिहिले असतील, तर पंख्याच्या यंत्रात १० ते २० अंश कमी धरावेत. पहिली २५ मिनिटे दार उघडू नये. यंत्राचा आकडा आणि आतले तापमान यांत फरक असू शकतो. माझ्या जुन्या यंत्रात १८० लावले की आत १६५ भरत असे, आणि हे कळण्याआधी मी कितीतरी केक कृतीच्या माथी मारले होते. ओव्हनमध्ये ठेवायचा लहानसा थर्मामीटर मिळतो, तो अवश्य घ्यावा. तो धातूचा असल्यामुळे फक्त कन्व्हेक्शनमध्येच आत ठेवायचा असतो. ज्वारीचे पीठ घालायचे असल्यास मैद्याचा तिसरा हिस्सा काढून तेवढेच घालावे. ज्वारीत पीठ बांधून ठेवणारे ग्लुटेन नसल्यामुळे त्याहून जास्त घातले की केक भुसभुशीत होऊन तुटतो. ज्वारीची नानकटाई मात्र पूर्ण ज्वारीची उत्तम होते, कारण तिला भुसभुशीतपणाच हवा असतो: १६० अंश, १८ ते २० मिनिटे.

शेंगदाणे का जळतात हे समजले, तर खोबरे, तीळ आणि गूळ यांचेही समजते. पाणी हा या यंत्रातला लगाम आहे: पदार्थात पाणी असेतोवर तापमान १०० अंशांच्या आसपास अडून राहते. शेंगदाण्यात पाणी मुळातच थोडे आणि तेल पुष्कळ. थोडे पाणी उडाले की लगाम सुटतो, तेल तापतच जाते आणि लहरी जेथे जास्त पडतात तेथला दाणा, बाहेरचा अजून कच्चा असताना, आतून काळा होतो. एक वाटी दाणे एका थरात पसरून, पूर्ण शक्तीवर मिनिटभर चालवून ढवळावेत. असे तीन-चार वेळा करावे आणि थोडे कमी भाजलेले वाटत असतानाच बाहेर काढावेत, कारण आतल्या तेलाच्या उष्णतेने ते नंतरही भाजत राहतात. किलोभर दाणे एकदम हवे असतील, उदाहरणार्थ वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी, तर लहरींच्या नादी लागू नये. कन्व्हेक्शनवर १६० अंशांना, एका वेळी पाव किलो, १५ ते १८ मिनिटे, मध्ये दोनदा हलवून. हिवाळ्यात डिंकाच्या लाडवांसाठी डिंक फुलवायला मात्र नुसत्या लहरी छान चालतात: दोन चमचे डिंकाला तुपाचा हात लावून एक ते दीड मिनिट. सुक्या मिरच्या, मेथी किंवा कोथिंबीर यंत्रात वाळवण्याचा मोह टाळावा. पाणी संपताच त्या पेट घेऊ शकतात.

पुस्तकातली साध्या ओव्हनची कृती कॉम्बिनेशनवर आणताना मी तापमान तेच ठेवते, मायक्रो ३०० वॅटच्या आत ठेवते आणि वेळ निम्मा धरून तेथून पुढे दोन-दोन मिनिटांनी पाहत जाते. प्रमाण दुप्पट केले तर वेळ किती वाढवायचा, हे दोन्ही पद्धतींत वेगळे आहे. नुसत्या मायक्रोवर तीच ताकद दुप्पट अन्नात वाटली जाते, म्हणून वेळ जवळपास पावणेदोन पट लागतो. कन्व्हेक्शनमध्ये दोन डबे ठेवले तरी, हवा खेळायला जागा असेल तर, वेळ थोडाच वाढतो. कॉम्बिनेशन या दोन्हींच्या मधे पडते. रॅक ठासून भरला की हवा अडते आणि पुन्हा उकडण्याची तक्रार सुरू होते, म्हणून आठ तंगड्या हव्या असतील तर चार-चार करून दोनदा कराव्यात.

भांड्यांचा नियम थोडक्यात असा: नुसत्या मायक्रोला काच, चिनी माती आणि त्यासाठीचे प्लास्टिक चालते, कन्व्हेक्शनला काच आणि धातू चालतात, प्लास्टिक अजिबात नाही, कॉम्बिनेशनला उष्णता सहन करणारी बोरोसिलिकेट काच आणि यंत्राबरोबर आलेला रॅक, एवढेच. बाहेरचा रॅक किंवा स्टीलचे ताट कॉम्बिनेशनमध्ये घालू नये, ठिणग्या पडतात. तापलेले काचेचे भांडे ओल्या ओट्यावर ठेवू नये. लाकडी पाटावर ठेवावे.

यंत्राच्या जागेविषयी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि यंत्र कपाटात कोंबलेले असले की ते मध्येच आपोआप बंद पडते. मागे आणि बाजूंना १० सेंटिमीटर व वर २० ते ३० सेंटिमीटर मोकळे असावे. काम संपल्यावर आतला पंखा काही मिनिटे चालू राहतो, तो थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नये. कन्व्हेक्शनला २००० वॅटहून अधिक वीज लागत असल्याने १६ अँपिअरचा वेगळा प्लग हवा. दूरदर्शन संचाचा लहान स्टॅबिलायझर येथे उपयोगाचा नाही, ४ ते ५ केव्हीएचा लागतो. आणि अर्थिंग: उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात तसा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, म्हणून फेब्रुवारीपासून पावसाळा लागेपर्यंत त्यात अधूनमधून दोन बादल्या पाणी ओतावे. यंत्राच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्या, तर त्याच क्षणी प्लग काढून वायरमनला बोलवावे. आतल्या बाजूच्या भिंतीवर अभ्रकाची पातळ पट्टी असते, तिच्यावर तेल-मसाला उडून साचला की तो जळतो आणि ठिणग्या येतात. ती ओल्या फडक्याने हलकेच पुसत राहावी आणि करपली असेल तर बदलून घ्यावी.

आता भाकरी. ज्वारीची ताजी भाकरी या यंत्रात होत नाही आणि करण्याचा प्रयत्नही करू नये. भाकरीला तापलेल्या तव्याची थेट आच आणि शेवटी निखारा किंवा जाळ लागतो; तिचा पापुद्रा त्या झटक्यानेच सुटतो, आणि २२० अंशांची हवा तो झटका देऊ शकत नाही. शिळी भाकरी नुसत्या मायक्रोवर गरम केली तर दोन मिनिटांतच चिवट होते. ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस सेकंद गरम करावी आणि लगेच पानात वाढावी. कडक भाकरी मात्र या यंत्रात अतिशय सुरेख होते आणि माझ्या घरी तिच्यासाठीच ते सर्वांत जास्त चालते. आदल्या दिवशीच्या पातळ भाकरी रॅकवर उभ्या किंवा एकेक अशा ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. कन्व्हेक्शन १४० अंश, १२ ते १५ मिनिटे, मध्ये एकदा उलटवून. लहरी अजिबात वापरू नयेत, कारण येथे आत कोठेही ओलावा राहू द्यायचा नाही. यंत्र बंद करून दार बोटभर उघडे ठेवावे आणि भाकरी आतच पाच मिनिटे राहू द्याव्यात. डब्यात भरण्याआधी त्या जाळीवर पूर्ण गार कराव्यात. कोमट असताना झाकण लावले, तर डब्यातली वाफ धरून त्या तासाभरात पुन्हा मऊ पडतात.